करडईच्या तेलातले लाडू

१९ एप्रिल १९७३, गुरुवार

श्री मुक्ताई प्रसन्न.

पारोळ्याहून माझ्या भटूभाऊने एस.टी.वर सामान पाठवले होते, ते दुपारी आले. तूप साडेतीन किलो, रु. ५६. मांड्यांचे गहू दहा किलो, रु. १४. हरभऱ्याची डाळ तीन किलो, रु. ७.५०. गूळ चार किलो, रु. ८. स्टँडवरून घरापर्यंत हमाली ५० पैसे. एकूण रु. ८६. आंबे इथेच जळगावच्या बाजारात बघायचे.

दुष्काळाच्या साली छप्पन्न रुपयांचे तूप घेतले म्हणून मन खात होते. पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, कोकिळा येणार आणि यंदा तिला न्यायला जावई स्वतः येणार. लग्नाला आठ वर्षे झाली, पण सणाच्या दिवशी आमच्या पाटावर ते एकदाच जेवले. दर वेळी धुळ्याच्या डेपोत काही ना काही काम निघते. माझ्या भाकरीवर तूप नसले तरी चालते, पण जावयाच्या ताटात कमी पडता कामा नये.

२६ एप्रिल, गुरुवार

कोकिळा पोरांना घेऊन आली. वाळली आहे. पिशवीतून करडईच्या तेलाचा डबा काढून तिने माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, हे येतील तेव्हा यांचं सगळं ह्यात करायचं. तूप, लोणी, साय, डालडा काही नाही."

मग सगळी हकीकत सांगितली. माघ महिन्यात जावयांना, तोतारामरावांना, सायकलवरून चढ चढताना छातीत आवळल्यासारखे झाले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, बिडी सोडायला लावली आणि रक्त तपासायला सांगितले. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही आणि सकाळी जाऊन रक्त द्यायचे. रक्तात कोलेस्टेरॉल म्हणून एक पदार्थ असतो, तो ३१२ निघाला. साधारण माणसाचा १५० ते २५० असतो. मग दोन महिने तिने तेलावर स्वयंपाक केला आणि गेल्या आठवड्यात पुन्हा तपासले तर २६८. आता मे महिन्याच्या शेवटी तिसरी तपासणी. त्यात अडीचशेच्या आत आला तर औषध लागणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

मी म्हटले, अगं, त्यांच्या अंगावर मूठभर मांस नाही, त्यांच्यात चरबी कुठून आली? ती म्हणाली, ही चरबी पोटावर दिसत नाही, रक्ताच्या नळीत आतून चिकटते. सासरे चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले, तेही बारीकच होते. तोतारामराव आता एकोणचाळीसचे आहेत.

मी मान हलवली. पण खरे लिहायचे तर मला ते पटले नाही. भिकुबाई विहीणबाईंचा हात आधीपासून आखडता. मला वाटले, दुष्काळात तूप परवडत नाही म्हणून डॉक्टरांचे नाव पुढे करत असतील.

२८ एप्रिल, शनिवार. एकादशी

कोकिळेने आणलेले रिपोर्टाचे कागद मी पुन्हा वाचले. मॅट्रिकला गणितात मला पंच्याहत्तरच्या वर मार्क होते, त्यामुळे आकड्याला मी भीत नाही. ३१२ चे २६८ झाले, म्हणजे दोन महिन्यांत ४४ ने उतरला. वर राहिले अठराच. इतके जमेला पडलेले असताना सणाच्या एका दिवसाने काय बिघडणार, असा मी हिशेब केला.

हे आज ऑफिसातून आले ते जिन्यात मध्येच थांबले. छातीत जळजळते म्हणाले. ओवा आणि सोडा दिला. पित्त फार वाढले आहे.

४ मे, शुक्रवार

जावई संध्याकाळच्या गाडीने आले. बेबाबाई मांडे करायला दुपारपासूनच आली होती. खापरावर तिच्यासारखे मांडे आमच्या आळीत कोणाला येत नाहीत. मी तिला सांगितले, जावयांचे दोन मांडे बाजूला काढ, त्यांचे पुरण वेगळे आहे, त्यांना वरून तूप नको. ती हातातला मांडा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"मायबाई, जवाईले कोरडा मांडा? तूप शे ना घरमा?"

मी म्हटले, आहे, पण डॉक्टर नको म्हणतात.

"जवाई नकोच म्हनस. म्हनीसन काय आपन वाढानं नही? उद्या बठ्ठी आळी हासी."

सगळी आळी हसेल, हे ती काही खोटे बोलली नाही. आमच्याकडे जावयाने ताटावर आडवा हात धरायचा, सासूने हात बाजूला सारून धार सोडायची, त्याने पुन्हा नको म्हणायचे, मग पंगतीतल्या कोणीतरी "होऊ द्या, होऊ द्या" म्हणायचे. पहिल्या नकोला जी थांबते तिला लोक नावे ठेवतात. उद्या ह्यांच्या ऑफिसातले दोघे आणि भाऊबंद मिळून सातजण पंगतीला आहेत. सातांच्या ताटात तूप आणि मधल्या एका ताटात नाही.

वेगळे ठेवलेले पुरण मी पुन्हा चुलीवर घेतले. कोकिळा पोरांना झोपवायला आत गेली होती. पळीभर तूप घातले. नंतर आणखी दोन पळ्या.

५ मे, शनिवार. आखाजी

सकाळी घागर भरली, पितरांचे झाले. पंगत बाराला बसली. मी तुपाचा गडवा घेऊन जावयांपुढे गेले तेव्हा त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले. हसत नव्हते. मी म्हटले, "बरं, राहिलं," आणि पुढे गेले. ह्यांच्या ऑफिसातले एकजण म्हणाले, "वहिनी, जावई म्हणजे सरकारी पाहुणा, त्याच्यावर रेशनिंग?" सगळे हसले. मीही हसले, कारण मला माहीत होते की माझ्या जावयाच्या ताटात सगळ्यांहून जास्त तूप आहे. रसातही पातळ करून घातले होते.

त्यांनी तीन मांडे खाल्ले. कोकिळा सांगत होती की माणूस घरी जेवतच नाही, तेलाच्या वासाने अर्ध्यावर उठतो. इथे तिसरा मांडा मागून घेतला. हात धुताना मला म्हणाले, "मामी, तुम्ही माझं ऐकलंत. कुठंही जेवायला गेलो तरी कोणी ऐकत नाही."

मला इतके बरे वाटले की डोळ्यांत पाणी आले. मुक्ताईला साखर ठेवली.

८ मे, मंगळवार

उद्या सगळे धुळ्याला जाणार. बरोबर द्यायला कणकेचे लाडू करायचे होते. कोकिळेसमोर पहिला घाणा तिच्या करडईच्या तेलात केला. लाडू वळेनात, वळले तर फुटत होते, आणि खाल्ल्यावर घशाशी तेल येत होते. असले लाडू विहिणीच्या घरी पाठवायचे म्हणजे भिकुबाई चारचौघींत दाखवतील, बघा सुनेच्या माहेरचे. कोकिळा शेजारी निरोप घ्यायला गेली तेव्हा दुसरा घाणा तुपात केला. छान झाले. पहिला घाणा डब्यात भरून माळ्यावर ठेवला, आम्ही खाऊ. दुसरा तिच्या बरोबर दिला आणि सांगितले, "दुसऱ्या खेपेला जमले बघ, तेल जरा जास्त तापवून घ्यायचे."

ती पदर सावरत म्हणाली, "आई, तुझ्या हातालाच गुण आहे." चाळीस लाडू आहेत. रोज दोन द्यायचे ठरवले आहे तिने.

खोटे बोलले तर खरेच. पण तोतारामरावांचा चेहरा चार दिवसांत उजळला, हे सगळ्यांनी पाहिले.

३१ मे, गुरुवार

कोकिळेचे पत्र. तिसऱ्या तपासणीत ३२६.

पहिल्यापेक्षाही जास्त. डॉक्टर तोतारामरावांना फार बोलले. दोन महिने पाळलेत आणि मग हात सैल सोडलात, वडलांसारखं जायचं आहे का, असे म्हणाले. तोतारामरावांनी पोरांच्या गळ्याची शपथ घेतली की तुपाचा थेंब खाल्लेला नाही. तेव्हा भिकुबाई म्हणाल्या, तो खात नसेल तर त्याला कोण घालतं? घरात पोरांच्या भाताला म्हणून तुपाची एक बरणी होती, ती त्यांनी काढून सगळ्यांपुढे ठेवली. कोकिळा लिहिते, "आई, मी पुष्कळ सांगितलं. पण ह्यांनीसुद्धा माझ्याकडे बघितलं नाही."

पत्र हातात घेऊन बसले होते. दूध उतू गेले तेव्हा उठले. चाळीस लाडू, वीस दिवस. आखाजीचे चार दिवस वेगळे.

संध्याकाळी देवाला दिवा लावला, पण वर मान करून मूर्तीकडे बघवले नाही.

२ जून, शनिवार

काल ह्यांना सांगितले. आधी चिडले, मग विचारात पडले आणि म्हणाले, "आता गप्प राहा. महिनाभरात विसरतील. जावयाला कळलं तर तो या घरचं पाणी पिणार नाही. तोंड वर करून विहिणीपुढे कसं उभं राहायचं?"

ते असे म्हणाले आणि माझा जीव हलका झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. कोणीतरी सांगायला नको म्हणावे, एवढेच मला हवे होते.

आज मुक्ताईच्या तसबिरीपुढे बसून सगळे बोलून टाकले. एदलाबादला मुक्ताईच्या देवळात जाऊन ओटी भरीन म्हटले, वर्षभर तूप सोडीन म्हटले. उठले तेव्हा वाटले, झाले, फिटले. मग भांडी घासताना लक्षात आले की मुक्ताईला सांगण्यात कसली हिंमत? ती काही कोकिळेला घालून पाडून बोलत नाही.

५ जून, मंगळवार

काही नाही. माळ्यावरचा फुटक्या लाडवांचा डबा काढला. मी खाते आहे, रोज एक. हे खात नाहीत, पित्त होते म्हणतात. पोळीला मात्र त्यांना तूप लागते.

८ जून, शुक्रवार

कोकिळेचे दुसरे पत्र. इथे सगळे उतरवून ठेवते, नाहीतर मी त्यातले काही विसरायला बघेन.

डॉक्टरांनी गोळी चालू केली. पथ्य पाळूनही आकडा चढतो, त्याअर्थी पथ्याचा ह्यांना उपयोग नाही, गोळीच पाहिजे, असे ते म्हणाले. गोळीने तोतारामरावांना मळमळते, दुपारचे जेवण जात नाही. भिकुबाईंनी चूल आपल्या हातात घेतली. कोकिळेने भाजी चिरायची, पाणी भरायचे, पण भांड्याला हात लावायचा नाही. तोतारामराव आईच्या हातचेच जेवतात. घरात कोणी तिच्याशी दोन शब्द बोलत नाही. आणि शेवटी:

"आई, एक मागते. ते लाडू संपले. ह्यांना मळमळीत तेवढेच जात होते. सासूबाई स्वतः म्हणाल्या, तुझ्या आईनं तेलात केलेत, तिच्यावर माझा भरवसा आहे, तिला आणखी पाठवायला सांग. तू पाठवशील ना? आता या घरात तुझ्या डब्यावरच काय तो विश्वास उरला आहे."

मी पत्र ह्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी वाचले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

९ जून, शनिवार

सकाळी बोंडे डॉक्टरांकडे गेले. हे बरोबर आले. बोंडे डॉक्टर कोकिळेच्या गोवरापासून आमच्या घरचे आहेत, तरी मी खोटेच बोलले. पारोळ्याकडच्या एका बाईची गोष्ट म्हणून सांगितली. तिच्या जावयाचे तीन आकडे सांगितले आणि विचारले, मध्ये कोणी त्याला न सांगता तूप घातले असेल तर काय?

डॉक्टरांनी किती दिवस, किती तूप, ते विचारले. मी मोजून सांगितले. परक्या बाईचे इतके कोणाला माहीत नसते, हे मला सांगून झाल्यावर कळले.

त्यांनी शांतपणे समजावले. हा पदार्थ वाईटच असे नाही, तो प्रत्येकाच्या रक्तात असतो, शरीर स्वतःच पुष्कळसा तयार करते. काहींच्या घराण्यातच तो जास्त असतो, मग माणूस बारीक असला तरी. त्यात तूप, साय, डालडा यांची भर पडली की आणखी वाढतो. वर्षानुवर्षे नळीत थर बसतो आणि दुखत नाही, म्हणूनच लोकांना खरे वाटत नाही. मी माझा जमेचा हिशेबही विचारला. दोन महिने कोरडे खाल्ले, ते जमेला धरून थोडे खर्ची टाकता येत नाही का? ते म्हणाले, "वहिनी, हे बँकेचं खातं नाही. पथ्य चालू असतं तोवरच आकडा उतरतो. सोडलं की चढतो."

पुढे म्हणाले, दोन तपासण्यांत दहावीसचा फरक असाही पडतो. पण २६८ वरून ३२६, आणि मध्ये वीस दिवस रोज तूप, म्हणजे ती तिसरी तपासणी धरताच येणार नाही. त्या माणसाला पथ्याने गुण येत होता. त्याच्या डॉक्टरांना हे माहीत नाही, म्हणून ते भलत्या कागदावर औषध देत आहेत.

मी विचारले, मग आता त्या बाईने काय करावे?

"आजच्या आज कळवावं. गोळी ठेवायची की थांबवायची ते धुळ्याचे डॉक्टर ठरवतील, तिनं परस्पर काही सांगू नये. पथ्य नीट पाळून महिना-दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासावं. आणि तिला सांगा, मी तिला रागावलो नाही."

धुळ्याचे नाव मी काढलेच नव्हते. मी पदराने तोंड झाकून घेतले.

निघताना त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारले, "तुमचं काय? जिना चढून आलात तर केवढा दम लागलाय. सोमवारी सकाळी काही न खाता या." हे हसले, म्हणाले, मला काय होतंय, पित्त आहे. मीही म्हटले, ओव्याने उतरते. ह्यांचे काय, पाऊसपाणी झाल्यावर बघू.

१० जून, रविवार

डॉक्टर आजच्या आज म्हणाले होते. कालचा दिवस गेला, आजचा गेला. रविवारी पत्रे निघत नाहीत असे मनाला सांगितले. आधी वाटले, कोकिळेलाच लिहावे. मग ती ते पत्र दाखवील कशी? आईला वाचवायला ती लपवून ठेवील, मी तिला चांगली ओळखते. तोतारामरावांना लिहावे तर ते आईपासून लपवतील, बायकोची लाज राखायला. लिहायचे तर भिकुबाईंनाच. त्यांना वाचता येत नाही, म्हणजे पत्र घरात मोठ्याने वाचले जाईल.

ह्यांना म्हटले, तुम्ही लिहिता का, पुरुषाच्या अक्षराला वजन असते. म्हणाले, "तूप तू घातलंस. तूच लिही. माझं नाव घालू नकोस."

नेहमी कार्डच टाकते. आज शेजारच्यांकडून आंतरदेशीय पत्र मागून आणले, पोस्टमनने वाचू नये म्हणून. धुळ्याला सगळे घर ऐकणार आणि मी जळगावच्या पोस्टमनपासून लपवते आहे.

११ जून, सोमवार. निर्जला एकादशी

सकाळच्या टपालात पत्र टाकले. त्याची नक्कल:

"गं. भा. भिकुबाई विहीणबाई यांसी जळगावहून कोकिळेच्या आईचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, तोतारामरावांच्या रक्तात जे वाढले ते कोकिळेच्या हातून वाढलेले नाही. आखाजीला आमच्या घरी पुरणात आणि रसात मी तूप घातले आणि नाही घातले म्हणून सांगितले. बरोबर दिलेले चाळीस लाडू तेलातले नव्हते, तुपातले होते. कोकिळेसमोर तेलाचे केले आणि तिच्यामागे बदलले. तिला आजपर्यंत ठाऊक नाही. आता हे पत्र वाचले जाईल तेव्हाच तिला कळेल.

मी हे जावयाच्या मायेने केले, असे लिहिणार होते. पण ते पुरते खरे नाही. पंगतीत आपल्याला कोणी हसू नये आणि आपण माझ्या लाडवांना नाव ठेवू नये, म्हणून केले. आपण माझ्यावर भरवसा ठेवलात, ते पत्रात वाचले, म्हणून आता हे लिहिते आहे.

तोतारामराव, हे पत्र आपणच आईला वाचून दाखवत असाल. आपण ताटावर दोन्ही हात धरले होते. ते मला दिसले होते.

आता एवढे करावे. हे पत्र घेऊन डॉक्टरांकडे आजच जावे आणि त्यांना सांगावे की तिसरी तपासणी माझ्या तुपाची आहे. गोळीचे ते सांगतील तसे करावे. दुसऱ्या तपासणीत आकडा उतरला होता तो कोकिळेच्या स्वयंपाकाने उतरला होता, हेही त्यांना सांगावे.

माझ्यावर रागवावे, मला बोल लावावेत, ते मी घेईन. आमच्या घरी येणे बंद केलेत तरी माझी तक्रार नाही. मात्र चूल तिची तिला परत दिलीत का, तेवढे एका ओळीत का होईना, उलट टपाली कळवावे."